७०० हॉर्सपॉवरचं इंजिन १,६०० टन कसं हलवतं?

बडनेऱ्याहून गाडी अमरावतीला पोचली की एक अडचण उभी राहते. अमरावती हे टोकाचं स्टेशन, पुढे रूळ संपतात. गाडी ओढून आणणारं इंजिन एका बाजूला डबे आणि दुसऱ्या बाजूला रुळाचा शेवट यांच्यात कोंडलं जातं. मग त्याला सोडवून दुसऱ्या टोकाला न्यायचं, नाहीतर दुसऱ्या इंजिनाने डबे मागे ओढायचे. या हलवाहलवीला शंटिंग म्हणतात. अकोल्याच्या मालधक्क्यावर वॅगन लावणं, गायगावच्या तेल डेपोत टँकर वॅगन आत ढकलणं, हेही शंटिंगच. मुंबई बंदराला तर याच कामासाठी १९१५ पासून स्वतःची रेल्वे आहे.

या कामाची इंजिनं वेगळी असतात. चित्तरंजनच्या कारखान्यात बनलेलं डब्ल्यूडीएस-४ घ्या. तीन धुरा, वजन साधारण ६० टन, ताकद सुमारे ७०० हॉर्सपॉवर. एक्सप्रेस ओढणाऱ्या डब्ल्यूएपी-७ ची ताकद ६,००० च्या वर जाते. तरी हे बुटकं इंजिन भरलेल्या वॅगनांची रांग हलवतं. कसं?

हॉर्सपॉवर म्हणजे ओढ गुणिले वेग. आपण नेहमी त्यातला वेग बघतो, यार्डात हवी असते ती ओढ. आणि ओढीला मर्यादा घालतं ते चाक घसरणं. लोखंडी चाकाला लोखंडी रुळावर पकड मिळते ती इंजिनाच्या वजनाच्या फार तर ३० टक्के. ६० टनांचे ३० टक्के म्हणजे १८ टन. यापेक्षा जोर लावला तर चाक जागच्या जागी फिरेल, मग आत कितीही मोठी मोटर बसवा. म्हणून ही इंजिनं मुद्दाम जड असतात.

आता समोरचं ओझं बघू. कोळशाची भरलेली एक वॅगन ८१ टनांच्या आसपास. वीस वॅगन म्हणजे १,६२० टन. सपाट, सरळ रुळावर जागेवरून हलवायला टनामागे पाचेक किलो ओढ धरली तर ८ टन पुरतात. आपल्याकडे १८ आहेत. चढ, वळण आलं तर ही शिल्लक झपाट्याने संपते, पण यार्ड शक्यतो सपाटच बांधतात.

७०० हॉर्सपॉवरमध्ये १८ टनांची पूर्ण ओढ किती वेगापर्यंत टिकेल? हिशोब केला तर ताशी १० किलोमीटरच्या आसपास, तेही मधली गळती सोडून. एक्सप्रेससाठी हा आकडा हास्यास्पद आहे. यार्डात इतकाच वेग लागतो. ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये कापसाची भरलेली ट्रॉली चिखलातून काढतो, तेच गणित.

गिअरचा मुद्दा आला म्हणून सांगतो. डब्ल्यूडीएस-४ मध्ये डिझेल इंजिन आणि चाकं यांच्यात तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर ठेवलेले दोन पंखे समजा: एक तेल फेकतो, दुसरा त्या तेलाने फिरतो. चाकं थांबलेली असली तरी इंजिन बंद पडत नाही, आणि जोर झटका न देता वाढतो. रेल्वेचे अभियंते एम. एम. सुरी यांच्या नावाने ओळखलं जाणारं ट्रान्समिशन याच घराण्यातलं. नंतरच्या, १,४०० हॉर्सपॉवरच्या डब्ल्यूडीएस-६ मध्ये मात्र डिझेलवर जनरेटर आणि चाकांवर विजेच्या मोटरी अशी रचना आहे.

ओढण्यापेक्षा मला थांबवणं जास्त अवघड वाटतं. शंटिंगमध्ये अनेकदा वॅगनचे ब्रेक पाइप जोडलेले नसतात. म्हणजे १,६०० टनांना थांबवतात ते फक्त ६० टनांच्या इंजिनाचे ब्रेक. ब्रेकची ओढ ९ टन धरून मी हिशोब केला. ताशी ५ किलोमीटरवर थांबायला १८ ते २० मीटर लागतात, ताशी १५ वर दीडशे मीटरच्या पुढे. वेग तिप्पट, अंतर नऊपट. शंटिंगला साधारण ताशी १५ ची आणि पेट्रोलसारखा माल असेल तर ८ ची मर्यादा असते, त्यामागे हेच आहे.

आणि त्या अंतरात माणूस उभा असतो. कपलिंग जोडायला-सोडायला पॉइंट्समन दोन वाहनांच्या मधल्या फटीत शिरतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये बिहारच्या बरौनी स्थानकावर हेच काम करताना इंजिन आणि डबा यांच्यात चिरडून एक कर्मचारी गेला. फूटभर सरकायला किती वेळ लागतो? ताशी ३ किलोमीटरलाही अर्धा सेकंद लागत नाही. ओरडायलाही वेळ नाही. म्हणून शंटिंग इंजिनाचं बॉनेट बुटकं ठेवतात, ड्रायव्हरला झेंडी, हातदिवा किंवा वर केलेले दोन्ही हात दिसावेत म्हणून. दोन्ही हात सरळ वर म्हणजे थांब.

सगळीकडे वीज आली, मग डिझेल कशाला, असं लोक विचारतात. क्रेन किंवा जेसीबी वरून माल काढत असेल तिथे डोक्यावर २५,००० व्होल्टची तार चालत नाही. तिथे डिझेलच लागतं. पण विद्युतीकरणामुळे मेन लाइनवरची मोठी डिझेल इंजिनं रिकामी झाली, आणि आता यार्डात बऱ्याचदा तीच दिसतात. ओढ भरपूर, खरंय. पण लांब बॉनेट पुढे असलं की ड्रायव्हरला त्याच्या पलीकडे, रुळाजवळ उभा असलेला पॉइंट्समन नीट दिसत नाही.