शस्त्रक्रिया पोटाची, वेदना खांद्याची

‘गॅस झाला असेल’ हे शब्द आमच्या घरात गेली तीस वर्षे कोणी सहजपणे उच्चारत नाही. 1994 च्या उन्हाळ्यात एका दुपारी वडील आडतीच्या गादीवर बसले असता त्यांची छाती जड झाली आणि डावा खांदा भरून आला. मुनीमजींनी ओवा दिला, कोणी सोडा आणला, कोणी पाठ चोळली. गॅसच आहे याविषयी तेथील कोणालाच शंका नव्हती. स्वतः वडिलांनाही नव्हती. दिवस मावळण्यापूर्वी ते गेले. तो हृदयविकाराचा झटका होता, हे नंतर डॉक्टरांनी सांगितले.

ही जुनी गोष्ट आज सांगण्याचे कारण असे की, गेल्या मार्गशीर्षात माझ्या धाकट्या भावावर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्याच रात्री त्याचा उजवा खांदा असह्य दुखू लागला. रात्रपाळीच्या सिस्टर म्हणाल्या, ‘‘घाबरू नका, गॅसचे दुखणे आहे.’’ त्यांच्या दृष्टीने हे धीराचे वाक्य होते. भावजयीने मात्र ते ऐकताच मला फोन लावला. ‘‘दादा, हे लोकही गॅसच म्हणताहेत,’’ एवढेच ती बोलू शकली. रात्रीचा दीड वाजला होता.

मी पोहोचलो तोवर निवासी डॉक्टर येऊन गेले होते. त्यांनी ईसीजी काढला होता, नाडी, रक्तदाब आणि रक्तातील प्राणवायू तपासला होता. सर्व काही ठीक होते. भाऊ मात्र खांदा धरून बसला होता. ‘‘पोटाला चिरा आहेत, तिथे एवढे दुखत नाही. या खांद्याला कोणी हातही लावला नाही आणि जीव इथेच जातोय,’’ असे तो पुनःपुन्हा म्हणत होता. त्याची तक्रार अगदी रास्त होती.

भावाचे वय 51, वजन 118 किलो. मधुमेह नऊ वर्षांपासूनचा. झोपेत घोरता घोरता श्वास थांबे आणि भावजय दचकून उठे. सकाळी दहा ते रात्री आठ गादीवर बैठक, हा आपल्या बहुतेक व्यापारी घरांचा दिनक्रम. तप त्याने केले नाही असे नाही. पर्युषणात अठ्ठाई दोनदा झाली, परंतु पारण्यानंतर दोन महिन्यांत काटा पुन्हा जुन्या जागी येत असे. (तप हे वजन उतरविण्याचे साधन नव्हे, हे साध्वीजींनी त्याला तेव्हाच सांगितले होते.) अखेर डॉक्टरांच्या सल्ल्याने दुर्बिणीद्वारे ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रिया ठरली. तीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून उरलेल्या जठराची अरुंद नळी केली जाते.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया आपल्याकडे आता नवी राहिलेली नाही. 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले, तेथून भारतात हा मार्ग रुळला. पोट उघडावे लागत नाही. चार-पाच लहान छिद्रांतून काम होते. मात्र मिटलेल्या पोटात दुर्बिणीला पाहण्यास आणि हत्यारांना फिरण्यास जागा हवी. म्हणून पोटाच्या पोकळीत कार्बन डायऑक्साइड वायू भरून पोट तंबूसारखे फुगविले जाते. त्याचा दाब साधारणतः 12 ते 15 मिलिमीटर ठेवतात. रक्तदाब मोजण्याचेच ते परिमाण. हाच वायू का, तर तो पेट घेत नाही, त्यामुळे आत विजेच्या उपकरणाने रक्तस्राव थांबविता येतो. आणि तो रक्तात सहज विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो. काम संपले की शल्यचिकित्सक तो काढून टाकतात. पण थोडा मागे राहतोच.

हा उरलेला वायू वर चढून श्वासपटलाखाली साठतो. श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधील स्नायूंचा पडदा. शस्त्रक्रियेच्या वेळी तो ताणला गेलेला असतो. शिवाय हा वायू ओलाव्यात मिसळला की सौम्य आम्ल तयार होते आणि त्याने पडदा चुरचुरतो. या पडद्याची संवेदना मेंदूकडे नेणारा ‘फ्रेनिक’ नावाचा मज्जातंतू मानेतील तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मज्जामुळांपासून निघतो. खांद्याच्या टोकाची संवेदनाही त्याच परिसरातून जाते. संदेश आला पोटातून, परंतु मेंदू त्याची नोंद खांद्याच्या नावे करतो. बँकेत माझी उमेदीची वर्षे आंतरशाखा हिशेब जुळविण्यात गेली. एका शाखेची रक्कम दुसऱ्या शाखेच्या खात्यात पडली की दुसऱ्या शाखेतील कारकुनाला कितीही धारेवर धरले तरी चूक सापडत नाही. दुसऱ्या दिवशी शल्यचिकित्सकांनी कागदावर आकृती काढून हे समजाविले तेव्हा मला पहिल्यांदा त्या हिशेबाची आठवण झाली. खांद्याला मालिश करणे म्हणजे त्या निर्दोष कारकुनाला जाब विचारणे होय.

खरा घोटाळा मात्र आपल्या भाषेत आहे. मराठीत ‘गॅस’ म्हणजे अपचनाचा वायू, जो आतड्यात असतो आणि ढेकरेने किंवा अधोमार्गाने सुटतो. शस्त्रक्रियेनंतरचा हा वायू आतड्यात नसतोच. तो आतड्याच्या बाहेर, पोटाच्या पोकळीत असतो. त्याला बाहेर पडण्याचा मार्ग एकच : रक्तात मिसळणे आणि फुप्फुसांतून जाणे. त्यामुळे भेटीस आलेल्या साधर्मिक बंधुभगिनींनी सुचविलेले ओव्याचे अर्क, हिंगाचे पाणी, पादेलोण यांचा या वेदनेवर काही उपयोग नव्हता. सोडा तर नुकत्याच शिवलेल्या जठरास सर्वथा वर्ज्य होता. सिस्टरनी ‘शस्त्रक्रियेच्या वेळी भरलेल्या वायूमुळे खांदा दुखतो आहे’ एवढे पूर्ण वाक्य उच्चारले असते, किंवा हे आम्हाला दाखल होण्याआधीच कोणी सांगितले असते, तर ती रात्र इतकी लांबली नसती.

उपयोग झाला तो चालण्याचा. शस्त्रक्रियेच्या दिवशी सायंकाळीच त्याला उभे केले होते. दुसऱ्या दिवसापासून जागेपणी दर दोन तासांनी पाच-सात मिनिटे व्हरांड्यात फेऱ्या सुरू झाल्या. चालण्याने श्वास खोल जातो, रक्ताभिसरण वाढते, आणि पायांत रक्ताच्या गाठी होण्याचा या रुग्णांना असलेला मोठा धोकाही कमी होतो. तीन चेंडूंच्या यंत्रातून हळूहळू श्वास ओढण्याचा व्यायाम तो प्रथम कंटाळून करी. पुढे एकेका श्वासाबरोबर मनात नवकार म्हणू लागला, तेव्हा त्याला लय सापडली. खांद्यावर गरम पाण्याची पिशवी बरी वाटे, ती टाक्यांपासून दूर ठेवून. झोपण्याची स्थिती प्रत्येकाची निराळी. बसल्यावर वायू वर चढतो, म्हणून काहींना आडवे झाल्यावर बरे वाटते. भावाला श्वासाचा जुना त्रास असल्याने डॉक्टरांनी पलंगाची डोक्याकडील बाजू उचलूनच ठेवण्यास सांगितले होते, आणि कुशीला उशी घेऊन तो निभावला.

औषधांबाबत एक सावधगिरी आवर्जून नोंदवितो. आपल्या दुकानांच्या गल्ल्यात वेदनाशामक गोळ्यांची पट्टी हटकून असते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी जठरात व्रण होऊ शकतात, आणि वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर हा धोका वाढतो. बायपास झालेल्यांना तर विशेष. भावाला पॅरासिटामॉल दिले जात होते, प्रथम शिरेतून आणि नंतर पातळ स्वरूपात. पुतण्याने प्रेमापोटी आणलेली दुसरी गोळी भावजयीने परत पाठविली, हे तिने उत्तम केले.

तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर एक निराळाच प्रश्न उभा राहिला. भावाचा चौविहार वीस वर्षे अखंड आहे. रुग्णालयात शिरेतून सलाईन चालू असल्याने सूर्यास्तानंतर काही न घेता भागले. घरी मात्र पाणी तोंडानेच घ्यायचे, तेही घोट-घोट, एका वेळी औषधाच्या झाकणाएवढे, साधारण 30 मिलिलिटर. दर पंधरा मिनिटांस एक घोट धरला तरी हिवाळ्यातील अकरा तासांच्या दिवसात जेमतेम 1300 मिलिलिटर होतात, आणि तेही मध्ये डुलकी लागली नाही तर. डॉक्टरांनी किमान दीड लिटर सांगितले होते. खांदेदुखीने दिवसा झोप, झोपेमुळे पाणी कमी, आणि रात्री पाणी नाही व औषधही नाही. चौथ्या दिवशी पहाटे त्याची जीभ कोरडी पडली, लघवी अगदी कमी आणि गडद झाली.

भावजय सकाळीच स्थानकात गेली. साध्वीजींनी सर्व ऐकून घेतले आणि तिलाच विचारले, ‘‘पच्चक्खाणात समाधीसाठी आगार ठेवलेला असतो, तो कशासाठी?’’ रुग्णाच्या चित्ताची समाधी ढळू नये म्हणून औषधपाण्याची सूट पच्चक्खाणाच्या मूळ पाठातच आहे. बरे झाल्यावर आलोयणा घ्यावी, असे त्यांनी सांगितले. त्या रात्रीपासून उकाळलेले कोमट पाणी आणि औषध सुरू झाले. माझे मत असे की, ही विचारणा शस्त्रक्रियेआधी व्हावी. दाखल होण्यापूर्वी आपण विम्याचे कागद तीनदा तपासतो. तेवढीच काळजी याचीही घ्यावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. ही खांदेदुखी बहुधा पहिल्या चोवीस तासांत सुरू होते, एक-दोन दिवस जोरात राहते आणि उतरत जाते. क्वचित आठवडाभर रेंगाळते. तिची दिशा उताराची असली पाहिजे. जी वेदना तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर वाढते, किंवा उतरून पुन्हा उसळते, तिला वायूचे दुखणे म्हणून स्वस्थ बसू नये. जठराच्या शिवणीतून गळती झाली तरीही खांदा दुखतो, विशेषतः डावा, कारण तेव्हाही चिडतो तो हाच पडदा. ताप, मिनिटाला 120 च्या वर टिकून राहणारी नाडी, दम लागणे, वाढती पोटदुखी, सतत उलट्या, एका पोटरीला सूज : यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. गळती घरी आल्यावर काही दिवसांनीही होऊ शकते. आणि छातीवर दडपण, घाम, हातात किंवा जबड्यात कळ असेल तर प्रथम ईसीजी, कारणमीमांसा नंतर. त्या रात्री निवासी डॉक्टरांनी वेदना वायूची वाटत असूनही ईसीजी काढला, म्हणूनच आम्हाला त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवता आला. 1994 मध्ये आमच्याकडून नेमके हेच राहिले होते.

एक कबुली देणे आवश्यक आहे. ही शस्त्रक्रिया आम्ही समाजापासून लपविली होती. ‘हर्नियाचे ऑपरेशन आहे’ असे सर्वांना सांगितले. पैसा टाकून वजन उतरविले, जिभेवर ताबा नाही, असे लोक म्हणतील ही भीती. त्यामुळे विचारावे असे कोणीच उरले नव्हते. पुढे महिन्याभराने कळले की, भावाच्या दुकानापासून तीन गाळे सोडून बसणाऱ्या व्यापाऱ्याची हीच शस्त्रक्रिया तीन वर्षांपूर्वी झाली होती आणि त्यांनीही ती हर्नियाच्याच नावे खपविली होती! ‘‘खांदा ना? माझा तिसऱ्या दिवशी उतरला,’’ ते हसत म्हणाले. हे वाक्य त्या रात्री दीड वाजता ऐकायला मिळाले असते तर त्याचे मोल काही और होते.

भावाची वेदना नेमकी केव्हा गेली हे त्यालाही सांगता येत नाही. पाचव्या दिवशी सायंकाळी फेऱ्या मारताना भावजयीने खांद्याचे विचारले, तेव्हा तो क्षणभर थांबला, हात वर केला, खाली केला आणि ‘‘अरे, खरंच की,’’ म्हणाला.

भावजयीने त्या दिवसांत जुन्या खतावणीच्या कोऱ्या पानावर तारीख, वेळ, नाडी, ताप, पाण्याचे घोट आणि खांद्याचे दुखणे दहापैकी किती, असे रकाने आखून नोंदी ठेवल्या होत्या. हे दुखणे दुर्बिणीद्वारे पित्ताशय किंवा गर्भाशय काढल्यानंतरही होते. शेजारच्या काकींचे पित्ताशयाचे ऑपरेशन गेल्या महिन्यात ठरले, तेव्हा तिने ते पान त्यांच्यापुढे ठेवले. काकींनी चष्मा लावून ते वरपासून खालपर्यंत वाचले आणि विचारले, ‘‘सगळं ठीक आहे गं, पण यात हिंगाचं पाणी कुठे लिहिलंय?’’