२३ जुलै २०२१ : सातारा-सांगलीतील हवामान व आकाश नोंदी

२३ जुलै २०२१ (शुक्रवार) या दिनांकासमोर सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर येथे २४ तासांत ५९४.४ मिलिमीटर पावसाची नोंद आहे. या ठिकाणच्या उपलब्ध नोंदींतील ही अत्यंत मोठी नोंद असून सातारा व सांगली जिल्ह्यांतील त्या आठवड्याच्या भूस्खलनांशी व कृष्णेच्या महापुराशी ती थेट निगडित आहे. एखाद्या दिवसाच्या हवामान नोंदी कशा वाचाव्यात आणि त्याच दिवसाची आकाशविषयक माहिती त्यांहून वेगळी का असते, हे समजून घेण्यास हा दिवस उपयुक्त ठरतो.

पर्जन्यदिन

भारतीय हवामानशास्त्र विभागाचा पर्जन्यदिन मध्यरात्री सुरू होत नाही. पर्जन्यमापकातील पाणी सकाळी ८:३० वाजता मोजले जाते आणि मागील २४ तासांचा पाऊस मोजणीच्या दिनांकासमोर लिहिला जातो. त्यामुळे २३ जुलैचे ५९४.४ मिमी म्हणजे २२ जुलैच्या सकाळी ८:३० पासून २३ जुलैच्या सकाळी ८:३० पर्यंत पडलेला पाऊस होय. यांतील साडेपंधरा तास २२ तारखेचे आहेत. २३ तारखेला दुपारी वा रात्री पडलेला पाऊस २४ जुलैच्या आकड्यात मोजला गेला.

हा भेद केवळ कागदोपत्री नाही. पाटण तालुक्यातील आंबेघर व मिरगाव येथील भूस्खलने २२ जुलैच्या रात्री झाली. घाटमाथ्यापलीकडे रायगड जिल्ह्यातील तळिये येथील दरड २२ जुलैलाच कोसळली. दुर्घटनेची तारीख आणि पावसाची तारीख सरळ जुळवून पाहणाऱ्यास सर्वांत मोठा पाऊस दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशी पडला असे भासते. वस्तुतः तो त्याच रात्रीचा पाऊस आहे. मुंबईचे उदाहरण सर्वपरिचित आहे. लोकस्मृतीत २००५ चा प्रलय ‘२६ जुलै’ म्हणून राहिला, मात्र सांताक्रूझ वेधशाळेची ९४४ मिमीची नोंद २७ जुलै या दिनांकासमोर आहे. जुन्या वृत्तपत्रांवरून किंवा जिल्ह्याच्या दप्तरातून पावसाचा इतिहास लिहिणाऱ्याने हा एक दिवसाचा फरक प्रथम तपासावा.

नोंदीचे परिमाण

हवामान विभागाच्या वर्गवारीनुसार २४ तासांत २०४.५ मिमी वा त्याहून अधिक पाऊस ‘अत्यंत मुसळधार’ गणला जातो. महाबळेश्वरची नोंद या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. या हिशेबाने एका हेक्टरवर त्या २४ तासांत सुमारे ५९ लाख ४४ हजार लिटर पाणी पडले. तीव्र उतारावरील लाल मातीच्या थरात इतके पाणी मुरले की तिचे वजन वाढते, खालच्या खडकावरील तिची पकड सुटते आणि उतार खचतो.

तुलना परक्या प्रदेशाशी करण्याची गरज नाही. महाबळेश्वरपासून सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटरवर असलेले म्हसवड पर्जन्यछायेत येते. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत वर्षाकाठी साधारण ५०० मिमीच्या आसपास पाऊस होतो. म्हणजे घाटमाथ्यावर एका दिवसात जे पडले, ते याच दोन जिल्ह्यांच्या पूर्व भागातील शेतकरी वर्षभरात पाहत नाही. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त पश्चिमी वारे सह्याद्रीवर चढताना थंड होतात व तेथेच रिते होतात. पलीकडे उतरताना त्यांत पावसाजोगे थोडेच उरते. म्हणूनच ‘सातारा जिल्ह्याचा सरासरी पाऊस’ हा आकडा जिल्ह्यातील कोणत्याही एका गावाचे खरे वर्णन करीत नाही.

सांगलीतील परिणाम

कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते. कोयना कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर, तर वारणा सांगलीजवळ हरिपूर येथे तिला मिळते. घाटमाथ्यावरचे पाणी सांगलीस पोहोचण्यास वेळ लागत असल्याने पाऊस आणि पूर यांच्या तारखा येथेही वेगळ्या पडतात. सांगलीतील आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट आहे. २०२१ मध्ये पाण्याने सर्वोच्च पातळी २५ जुलैच्या सुमारास गाठली व ती ५४ फुटांच्या आसपास होती. ऑगस्ट २०१९ मध्ये हीच पातळी ५७ फुटांपलीकडे गेली होती. मधला हा अवधीच नदीकाठच्या वस्त्यांना स्थलांतरासाठी मिळतो. त्यामुळे सांगलीकरांच्या दृष्टीने महाबळेश्वर व कोयनानगरच्या सकाळच्या आकड्यांना स्थानिक पावसाहून अधिक महत्त्व आहे.

आकाशविषयक माहिती

पाऊस मोजावा लागतो, तर सूर्य-चंद्राच्या वेळा गणिताने आधीच सांगता येतात. त्यांसाठी आकाश निरभ्र असण्याची आवश्यकता नसते. २३ जुलैला साताऱ्यात सूर्योदय सुमारे ६:१० वाजता व सूर्यास्त ७:११ वाजता होतो. सांगलीत हे अनुक्रमे ६:०९ व ७:०७ वाजता घडते. दरवर्षी यांत एखाद्या मिनिटाहून अधिक फरक पडत नाही. या दिवशी सूर्याची क्रांती सुमारे २० अंश उत्तर असते, तर सातारा १७.७ व सांगली १६.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. साहजिकच माध्यान्ही, म्हणजे घड्याळात १२:४० च्या सुमारास, सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो व सावली दक्षिणेकडे पडते. एक मीटर उंचीच्या काठीची ही सावली साताऱ्यात सुमारे ४ आणि सांगलीत सुमारे ६ सेंटिमीटर भरते. सूर्य दक्षिणेकडे सरकत ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही ठिकाणी शून्य सावलीचा दिवस येतो, पण ढगांमुळे तो क्वचितच दिसतो. मे महिन्यातील शून्य सावली पाहणे त्या मानाने सोपे जाते.

पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून मोजला जातो. २३ जुलै २०२१ रोजी सूर्योदयास आषाढ शुद्ध चतुर्दशी होती. पौर्णिमा त्याच सकाळी लागली व २४ जुलैला सकाळी आठनंतर संपली. त्यामुळे २३ च्या रात्री चंद्र जवळपास पूर्ण होता. सूर्य तेव्हा पुष्य नक्षत्रात होता. या नक्षत्राच्या पावसाला शेतकरी ‘म्हातारा पाऊस’ म्हणतात, तर त्याआधीच्या पुनर्वसूचा पाऊस ‘तरणा’ मानला जातो. २०२१ साली म्हाताऱ्यानेच कहर केला.