संत्र्याची साल उटण्याला, लिंबाची साल भांड्याला

संत्र्याचा हंगाम सुरू झाला की विदर्भातल्या घराघरांत सालींचा ढीग पडतो. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या भागात तर बाग घरचीच. पोरे शाळेतून आली की दप्तर टाकून चार-चार संत्री सोलतात, आणि साली अंगणात तशाच पडून राहतात. दुसऱ्या दिवशी त्या केरात जातात, नाहीतर शेळीपुढे. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा गर सगळे खातात, पण फळाच्या वजनाचा चौथा-पाचवा हिस्सा साल असते, तिची किंमत आपण करीत नाही.

आणि गंमत अशी, की दिवाळीत हीच साल दळून, सुगंधी पुडीत घालून, उटणे म्हणून आपणच बाजारातून पैसे मोजून आणतो. मग घरचीच साल का वापरू नये? जरूर वापरावी. मात्र ती कोणत्या झाडाची, कशी वाळवलेली आणि केव्हा लावायची, हे माहीत असले पाहिजे. नाहीतर फुकटचा उपाय महागात पडतो. शेतात उन्हातान्हात राबणाऱ्या बाईने तर हे नीट समजून घ्यावे.

साल काय करते, काय करीत नाही

संत्र्याच्या सालीला दोन थर असतात. वरच्या केशरी थरात बारीक बारीक पिशव्या असतात. साल दाबली की त्यांतून तेलाचा फवारा उडतो. संत्र्याचा वास तो याच तेलाचा. आतला पांढरा थर मऊ व थोडा कडवट असतो. साल वाळवून दळली की वास बराचसा टिकतो, आणि भुकटी अंगावरून फिरवली की तेलकटपणा, घाम, धूळ व मेलेली कातडी निघून येते. अंग स्वच्छ होते, मऊ लागते. सालीचा उपयोग खरा एवढाच, आणि तो काही थोडा नाही.

पण साल लावून कोणी गोरे होत नाही. कातडीचा रंग जन्माचा असतो, तो चोळून जात नाही. लग्नाच्या मुलीला महिना-महिना लेप चोळून बसवणाऱ्या घरांना हे सांगणे जरूर आहे. जोराने चोळल्याने कातडी सोलवटते, आणि सोलवटलेल्या कातडीवर ऊन लागले की ती आधीपेक्षा काळवंडते. गालावर वांग असेल तर चोळल्याने तो अधिकच गडद होतो. वांगावर पहिला उपाय म्हणजे ऊन टाळणे. शेतात जाताना पदर किंवा ओढणी कपाळावरून पुढे ओढून घ्यावी, तोंडाला रुमाल बांधावा.

साल कोणत्या फळाची घ्यावी

बागाईतदाराच्या घरी हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. काळी माशी, सायला, कोळी यांच्यासाठी बागेवर फवारणी होते. औषधाचा अंश सर्वांत जास्त उरतो तो सालीवर. फळ सोलून खाताना साल आपण टाकून देतो, म्हणून त्याचे फारसे वाटत नाही. तीच साल वाळवून तोंडाला लावायची म्हटली की विचार केला पाहिजे. पाण्याने धुतल्याने वरचा अंश बराच जातो, पण झाडात भिनणारी औषधे धुऊन जात नाहीत.

म्हणून वाड्यातले किंवा विहिरीजवळचे एखादे झाड घरासाठी बिनफवारणीचे राखावे. तेवढी सोय नसेल तर घरधन्याला विचारावे : शेवटची फवारणी कधी झाली? औषधाच्या डब्यावर फवारणीनंतर किती दिवसांनी फळ तोडावे ते छापलेले असते. तेवढे दिवस उलटल्याखेरीज फळही खाऊ नये आणि सालही घेऊ नये.

बाजारातल्या चकचकीत संत्र्यांना पुष्कळदा मेणाचा मुलामा दिलेला असतो. त्यांच्या साली उटण्याला घेऊ नयेत. झाडाखाली गळून पडलेल्या फळांच्याही नकोत. गळलेल्या फळाला अनेकदा बुरशी लागलेली असते, आणि ती भुकटीत उतरते. फळ ताजे, टणक आणि बिनडागी असावे.

वाळवण

फळ सोलण्याआधी वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवावे व पुसून कोरडे करावे. साल हाताने लहान तुकड्यांत तोडावी. स्वच्छ धोतराच्या कापडावर किंवा चाळणीवर तुकडे एकावर एक न येतील असे पसरावेत, आणि वारा खेळेल अशा सावलीत ठेवावेत. वरून पातळ कापड टाकावे, म्हणजे माश्या व धूळ बसत नाही. कडक उन्हात साल लवकर वाळते खरी, पण तिचा वास उडून जातो आणि रंग फिका पडतो.

दिवसातून एकदा तुकडे परतावेत. हवा कोरडी असेल तर चार ते सहा दिवसांत साल वाळते. तुकडा वाकवला की कट्‌कन मोडला पाहिजे. नुसताच वाकला तर आत ओल आहे असे समजावे, आणि अशी साल डब्यात गेली की आठ दिवसांत बुरशी धरते. किलोभर ओल्या सालीची वाळून पाव किलोच्या आसपास होते. त्यासाठी पंचवीस-तीस संत्री लागतात.

आता हंगामाचा मेळ पाहा. मृग बहाराची फळे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात आणि उटणे लागते दिवाळीला. मध्ये सगळा पावसाळा जातो. म्हणून भुकटी आधी करून ठेवू नये. वाळलेले तुकडेच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरावेत, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा बरणी उघडून पाहावी. कुबट वास आला किंवा पांढरे-हिरवे ठिपके दिसले तर सगळे टाकून द्यावे. ठिपके झटकून बाकीचे वापरण्याचा लोभ करू नये. दळण दिवाळीच्या आठ दिवस आधी करावे.

भुकटी आणि उटणे

खलबत्त्यात कुटा नाहीतर मिक्सरमध्ये फिरवा, पण भुकटी वस्त्रगाळ झालीच पाहिजे. पिठाच्या चाळणीतून निघालेली भुकटी हाताला बारीक लागली तरी तोंडाला खरखरते, आणि तिने कातडीवर न दिसणारे ओरखडे उठतात. उरलेला चाळ अंगाला लावू नये, पितळेची भांडी घासायला ठेवावा.

दिवाळीच्या उटण्यासाठी मसुराच्या डाळीचे बारीक पीठ चार वाट्या, संत्रासालीची भुकटी एक वाटी, मुलतानी माती अर्धी वाटी, नागरमोथा व कपूरकचरी पाव-पाव वाटी आणि आंबेहळद दोन चहाचे चमचे असे सगळे वस्त्रगाळ करून मिसळावे. वाळा मिळाला तर तोही बारीक करून मूठभर घालावा. नरकचतुर्दशीला पहाटे आधी अंगाला तीळतेल किंवा खोबरेल लावायचे, मग हे उटणे. वडीलधाऱ्यांनी घालून दिलेला हा क्रम शहाणपणाचा आहे. अंगाला तेल असले की उटणे ओरखडत नाही.

एरवी आठवड्यातून एकदा तोंडाला लावण्यासाठी चार चमचे डाळीच्या पिठात एक चमचा सालीची भुकटी पुरे. थंडीत कातडी फुटत असेल तर दूध किंवा साय घालून कालवावे, तोंड तेलकट असेल तर साधे पाणी घ्यावे. डोळ्यांच्या कडा सोडून हलक्या हाताने लावावे. पाच मिनिटांत, लेप पूर्ण वाळून ताणण्याआधी, कोमट पाण्याने धुवावे व खोबरेलाचा थेंबभर हात फिरवावा. हे काम रात्री करावे, सकाळी शेतात निघताना नव्हे. कालवलेला लेप उरला तर टाकून द्यावा. दुसऱ्या दिवशी तो नासलेला असतो.

पहिल्यांदा लावताना एक खबरदारी घ्या. कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लेप लावून धुवा आणि दोन दिवस वाट पाहा. खाज, लाली किंवा पुरळ उठले तर हा उपाय तुमच्यासाठी नाही. सालीतले तेल हवा लागून जुने झाले की ते अधिक झोंबते. म्हणून गेल्या वर्षीची भुकटी वापरू नये.

लिंबाची साल मात्र अंगाला नको

आता मुख्य सांगणे. ‘संत्र्याची साल चालते, मग लिंबाची का नाही?’ असे पुष्कळ जणी म्हणतात आणि रस काढून झाला की उरलेली फोड तोंडावर, मानेवर, कोपरावर घासतात. हे करू नका.

कागदी लिंबाच्या रसात आणि त्याहूनही अधिक सालीत असे द्रव्य असते, की ते अंगावर असताना ऊन लागले तर कातडी भाजते. त्या वेळी काहीच कळत नाही. दुसऱ्या दिवशी लाली व आग सुरू होते, दोन-तीन दिवसांत कधी फोडही येतात. पुढे काळपट डाग राहतात आणि ते जायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. डाग ओघळासारखे लांबट किंवा बोटांच्या ठशासारखे दिसतात. घरचे लोक त्याला नागीण समजतात, भाजल्याचे समजतात आणि भलतेच लेप लावीत बसतात. संत्र्यात हे द्रव्य फारच थोडे असते, म्हणून संत्र्याची साल चालते. ईडलिंबू, महाळुंग, पपनस यांच्या साली मात्र लिंबाच्याच पंक्तीला बसवाव्यात.

हा त्रास तोंडाला लिंबू लावणारीलाच होतो असे नाही. लोणच्याची लिंबे अंगणात उन्हात बसून चिरणारीला होतो, बागेत लिंबे तोडणारीला होतो, सरबत करून तसेच हात घेऊन उन्हात जाणाऱ्या पोरालाही होतो. उपाय सोपा आहे. लिंबाचे काम सावलीत करावे, आणि उन्हात जाण्याआधी हात मनगटाच्या वरपर्यंत साबणाने धुवावेत. फोड आले तर फोडू नयेत. गार पाण्याची पट्टी ठेवावी, तो भाग उन्हापासून झाकावा आणि आरोग्य केंद्रात दाखवावे. लिंबाची साल लोणच्यात घाला, तिने तांब्या-पितळेची भांडी घासा. तिथे तिच्यासारखी दुसरी वस्तू नाही.

कोणी लावू नये

तान्ह्या बाळाला सालीचे उटणे लावू नये. त्याची कातडी फार नाजूक असते, त्याला तेल आणि कोमट पाणी पुरे. इसब, उघडी जखम, पिकलेल्या पुटकुळ्या असतील तिथे कुणीच लावू नये. नायट्यावर तर चोळूच नये. चोळलेला हात जिथे लागेल तिथे तो पसरतो. दुकानातून कुणी सांगेल ते ‘गोरे करणारे’ किंवा ‘खाजेचे’ मलमही आणू नका. अशा काही मलमांत स्टेरॉइड असते. त्याने चार दिवस बरे वाटते, मग नायटा अधिक जोराने पसरतो आणि तोंडाची कातडी पातळ होऊन लाल पडते. नायट्याचे औषध डॉक्टरांनाच विचारून घ्यावे आणि सांगितले तितके दिवस लावावे.

यंदा संत्री घरी आली की एक काम करा. पोरांना सोलण्याआधी फळे धुवायला लावा, आणि सालींसाठी ओसरीवर एक टोपली ठेवा. साल टोपलीत टाकायची सवय त्यांना दोन दिवसांत लागेल. दिवाळीला उटण्याची पुडी आणावी लागणार नाही, आणि त्या उटण्यात काय काय आहे हे तुम्हांला स्वतःला ठाऊक असेल.