टर्बोचार्जरयुक्त मोटारगाडीचे शक्तिवर्धन

एंजिनातून बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूंच्या ऊर्जेवर फिरणाऱ्या टरबाइनाने चालविलेल्या हवा संपीडकास टर्बोचार्जर म्हणतात. असा संपीडक मुळातच बसविलेल्या जुन्या पेट्रोल मोटारगाडीचा वेग व प्रवेग वाढविण्यासाठी तिचे एंजिन व अन्य यंत्रणा यांत केलेल्या बदलांचा शक्तिवर्धनात समावेश होतो. संपीडित हवा सिलिंडरात जाण्यापूर्वी थंड करावयाची की नाही, हा या बदलांतील मुख्य प्रश्न होय. एंजिनाची शक्ती केवळ हवेच्या दाबावर नव्हे, तर सिलिंडरात शिरणाऱ्या हवेच्या वस्तुमानावर अवलंबून असते, हे त्याचे कारण आहे.

इतिहास : निष्कास वायूंवर चालणाऱ्या संपीडकाचे एकस्व स्विस अभियंते आल्फ्रेट ब्यूखी यांना १९०५ मध्ये मिळाले. अमेरिकेत ओल्ड्समोबील जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेअर या मोटारगाड्यांत तो १९६२ मध्ये आला. यूरोपात बीएमडब्ल्यू २००२ टर्बो (१९७३), पोर्श ९११ टर्बो (१९७४) व त्यानंतर साब ९९ टर्बो या गाड्या निघाल्या. या तिन्ही गाड्यांत सुरुवातीस अंतरशीतक (इंटरकूलर) नव्हता. संपीडित हवेच्या उष्णतेमुळे निर्माण होणारा धोका टाळण्यासाठी त्यांच्या एंजिनांचे संपीडन गुणोत्तर ६.५ ते ७.५ इतके कमी ठेवलेले होते. त्यामुळे टरबाइनाने वेग घेईपर्यंत एंजिन मंद वाटे. जुन्या गाडीचे शक्तिवर्धन करताना ही मूळ रचना लक्षात घ्यावी लागते.

तत्त्व : हवा संपीडित केली की तिचे तापमान वाढते व त्या प्रमाणात घनतेतील वाढ कमी होते. बाहेरील हवा ३०° से. असून संपीडकाची कार्यक्षमता ६५ टक्के असल्यास ०.५ बार भरण दाबास (वातावरणीय दाबाहून अधिक असलेल्या दाबास) हवा सुमारे ८७° से. पर्यंत तापते. तिचा दाब दीडपट होत असला, तरी घनता सु. १.२६ पटच होते. भरण दाब १ बार केल्यास तापमान सु. १३२° से. होते आणि दाब दुप्पट होऊनही घनता केवळ दीडपट होते.

तापलेल्या हवेमुळे अधिस्फोटनाचा (नॉकिंगचा) धोकाही वाढतो. ठिणगीपासून निघालेली ज्योत पोहोचण्यापूर्वीच सिलिंडरातील उरलेले मिश्रण आपोआप पेटते व दाबाचे तीव्र तरंग निर्माण होतात. त्यामुळे दट्ट्याचा माथा वितळणे, दट्ट्याच्या कड्यांमधील भाग फुटणे यांसारखे बिघाड काही क्षणांतही होऊ शकतात.

अंतरशीतकाविना शक्तिवर्धन : भरण दाब मर्यादित ठेवणारी वेस्टगेट झडप काही निष्कास वायू टरबाइनास बगल देऊन सोडते. तिच्या स्प्रिंगचा ताण किंवा तिच्याकडे जाणारा दाबसंकेत बदलून भरण दाब वाढविणे, हा सर्वांत स्वस्त व म्हणूनच सर्वांत प्रचलित उपाय आहे. मात्र जुना लहान संपीडक त्याच्या क्षमतेपलीकडे चालविल्यास त्याची कार्यक्षमता घटते. परिणामी अधिक हवेऐवजी अधिक उष्णताच मिळते. यावर अंतर्ग्रहण मार्गात पाणी किंवा पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण फवारण्याचा उपाय करतात. बाष्पीभवनाने मिश्रण थंड होते. जेटफायरमध्ये याच तत्त्वाचा उपयोग केलेला होता. टाकी रिकामी झाली वा फवारा तुंबला, तर संरक्षण तत्काळ नाहीसे होते, हा यातील दोष होय. साब कंपनीने १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी अधिस्फोटनाची कंपने ओळखून भरण दाब आपोआप कमी करणारी यंत्रणा वापरात आणली. यामुळे कमी ऑक्टेन अंकाच्या पेट्रोलवरही एंजिन सुरक्षित राहू शकले.

अंतरशीतकासह शक्तिवर्धन : अंतरशीतक हा संपीडक व एंजिन यांच्यामध्ये बसविलेला उष्णता विनिमयक असतो. त्यात संपीडित हवेची उष्णता बाहेरील हवेस किंवा पाण्यास दिली जाते. वरील उदाहरणात ७० टक्के परिणामकारकतेचा अंतरशीतक बसविल्यास ०.५ बार भरण दाबाची हवा सु. ४७° से. पर्यंत थंड होते. अंतरशीतकात ०.०५ बार दाब खर्ची पडला, असे धरले तरी घनता सु. १.३७ पट होते. अंतरशीतकाविना एवढी घनता मिळविण्यास सु. ०.७३ बार भरण दाब लागतो आणि हवेचे तापमान सु. १०९° से. होते. म्हणजे तेवढीच हवा मिळत असूनही एंजिनावरील औष्णिक ताणात मोठा फरक पडतो. अंतरशीतक फार मोठा असल्यास मात्र नळ्यांतील हवेचे घनफळ वाढून प्रतिसाद मंदावतो. तो लहान असल्यास दाब वाया जातो. त्यावरून बाहेरील हवेचा प्रवाह वाहणे आवश्यक असते.

पोर्श ९२४ टर्बोच्या १,९८४ घ.सेंमी. एंजिनाची शक्ती अंतरशीतकाविना १७० अश्वशक्ती होती. त्याच घनफळाच्या ९२४ कारेरा जीटीमध्ये (१९८०) अंतरशीतक बसविल्यामुळे संपीडन गुणोत्तर ७.५ वरून ८.५ करता आले व इतर सुधारणांसह शक्ती २१० अश्वशक्ती झाली. व्होल्व्हो कंपनीने २४० टर्बो या आपल्या गाडीसाठी, वापरात असलेल्या गाड्यांवरही बसविता येईल असा अंतरशीतक संच उपलब्ध करून दिला होता.

इंधन व प्रज्वलन : हवा वाढल्यास त्या प्रमाणात पेट्रोलही वाढले पाहिजे. जुन्या यांत्रिक अंतःक्षेपण यंत्रणेची मर्यादा ओलांडली गेल्यास मिश्रण विरळ होते व निष्कास तापमान धोकादायक रीत्या वाढते. म्हणून इंधनपुरवठा, ठिणगीची वेळ व अंतरशीतन यांची व्यवस्था आधी करून भरण दाब शेवटी, थोडा थोडा वाढविणे इष्ट असते. त्याही पूर्वी सिलिंडरांतील संपीडन दाब, टर्बोचार्जरचे धारवे, रबरी नळ्या व शीतन यंत्रणा तपासावी लागते. वेगाने चाललेले एंजिन एकदम बंद केल्यास टरबाइनालगतचे वंगण तेल जळून धारव्यांत कोळसा साठतो. म्हणून ते थोडा वेळ मंद गतीने चालू ठेवतात.

वेग व सुरक्षितता : अतिवेगात हवेचा रोध हा प्रमुख विरोध असतो व त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे शक्ती ३० टक्क्यांनी वाढविली, तरी कमाल वेग सु. ९ टक्क्यांनीच वाढतो. प्रवेगातील फरक मात्र स्पष्ट जाणवतो. उलट ९ टक्के अधिक वेगाने धावणारी गाडी थांबविताना गतिरोधकांना (ब्रेकना) सु. १९ टक्के अधिक ऊर्जा शोषावी लागते. पोर्श कंपनीने ९११ टर्बो ही गाडी १९७८ मध्ये ३ लिटरवरून ३.३ लिटरची करून अंतरशीतकासह तिची शक्ती २६० वरून ३०० अश्वशक्ती केली, तेव्हा ९१७ या शर्यतीच्या गाडीच्या धर्तीवर तिचे गतिरोधकही बदलले. जुन्या गाडीत गतिरोधक, टायर, क्लच व निलंबन यांची क्षमता न वाढविता केवळ एंजिनाची शक्ती वाढविणे धोक्याचे ठरते.

उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल वाहनात करण्यास भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ अन्वये मनाई आहे. त्यामुळे असे बदल करण्यापूर्वी त्यांची वैधता नोंदणी प्राधिकरणाकडून पडताळून घेणे आवश्यक असते.