चिठ्ठीवरची राहून गेलेली ओळ

आज टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर लिहायचं कबूल केलं होतं. १४४१६ हा नंबर कुठं पळून जात नाही, तो पुढच्या आठवड्यात. मधेच सांगली जिल्ह्यातल्या एका औषध दुकानदारांचं पत्र आलं आणि त्यांनी नेमकं माझ्या आवडीच्या जागी बोट ठेवलं.

त्यांचं दुकान साखर कारखान्याच्या रस्त्यावर आहे. दिवाळीनंतर बीड, धाराशिव, जालन्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या, की अंधार पडल्यावर कोप्यांवरून कुणी ना कुणी येतं. बहुतेकांना अंगदुखीच्या गोळ्या हव्या असतात, नाहीतर लेकराच्या तापाचं औषध. पण काहींच्या हातात रिकाम्या पाकिटाचा तुकडा असतो. चिठ्ठी नसते. "दादा, ह्याच द्या. ह्येंना रातच्याला लागत्यात." देऊ की नको, असं दुकानदार विचारतात. असाच एक तुकडा त्यांनी पत्राला चिकटवून पाठवलाय.

तो मी भिंगाखाली धरून पाहिला. कात्रीनं पाकीट कापून गोळ्या सुट्या देताना नावाचा बराचसा भाग दुसऱ्या तुकड्यावर गेलाय. मुदतीची तारीखही तिकडंच. इकडं इंग्रजी अक्षरांत शेवटचं 'पिन' आणि पुढं ५ मिलिग्रॅम, एवढंच उरलंय. आता ओलान्झापिन ५ मिलिग्रॅमची मिळते आणि अ‍ॅम्लोडिपिनही ५ मिलिग्रॅमचीच मिळते. पहिली मनोविकारावरची, दुसरी रक्तदाबाची. दुकानदारांनी शहाणपणानं विचारलं, की गोळी घेतल्यावर काय होतं? बाई म्हणाली, झोप लागती, आणि मग बडबड करत न्हाईत. म्हणजे ओलान्झापिनच असणार. पण अंदाज बरोबर आला म्हणून गोळी देता येते का?

कायद्यानं नाही. ओलान्झापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, लिथियम ही सगळी शेड्यूल एचमधली औषधं, चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम यांच्यासाठी २०१४पासून एच-वन हे आणखी कडक शेड्यूल आहे. त्यात रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव आणि किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं सांभाळायची.

इथवर दुकानदारांना सगळं पाठ असणार. मला सांगायचंय ते पुढचं. औषध नियम १९४५मधला ६५वा नियम म्हणतो, की एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं. मात्र ती पुन्हा वापरावी असं डॉक्टरनं चिठ्ठीवरच लिहिलं असेल, तर तो म्हणेल तितक्या वेळा, म्हणेल तितक्या अंतरानं द्यायचं. म्हणजे वाट नियमातच ठेवलेली आहे. 'दर ३० दिवसांनी, मार्चअखेर ५ वेळा' अशी एक ओळ बीडच्या डॉक्टरनं ऑक्टोबरमध्ये लिहिली, तर सांगलीचा दुकानदार निर्धास्तपणे गोळी देऊ शकतो. मी इतकी वर्षं स्थलांतरितांच्या चिठ्ठ्या बघतोय, ही ओळ क्वचितच दिसते. दिसतं ते 'एक महिन्यानं दाखवा'. चिठ्ठी कार्तिकात संपते आणि कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तो फाल्गुनात.

सगळेच डॉक्टर ती ओळ आळसानं टाळतात, असं मात्र मी म्हणणार नाही. काही औषधांच्या बाबतीत त्यांचा हात अडखळतो तो योग्यच. लिथियम घ्या. रक्तात त्याची पातळी साधारण ०.६ ते १च्या आत हवी. दीडच्या वर गेली की विषबाधेची लक्षणं सुरू होतात. औषध आणि विष यांच्यात एवढंच अंतर, म्हणून अधूनमधून रक्त तपासावं लागतं. आता लिथियम घेणारा माणूस उसाच्या फडात उभा करून बघा. पहाटे उठून तोडणी, उन्हात मोळ्या डोक्यावरून वाहायच्या, घाम गळतोय, पाणी कळशीत असेल तेवढंच. घामावाटे मीठ गेलं की मूत्रपिंडं मीठ धरून ठेवायला लागतात आणि त्याबरोबर लिथियमही धरून ठेवतात. गोळी तीच, पण रक्तातली पातळी चढते. त्यात संध्याकाळी पाठ-खांदे ठणकतात म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतली, तर आणखी चढते. या दोन्ही गोळ्या लिथियमला शरीराबाहेर पडू देत नाहीत. हात जोरात थरथरतो, उलट्या-जुलाब होतात, पाय लटपटतात, जीभ जड होते. बघणारे म्हणतात, पिऊन आलाय. मुकादमही तेच म्हणतो.

तेव्हा दुकानदार महाशय, तुमच्या गल्ल्यावर लिथियमची चिठ्ठी आली आणि त्याच माणसानं अंगदुखीची गोळी मागितली, तर पॅरासिटामॉल द्या आणि भरपूर पाणी प्यायला सांगा. वर लिहिलेली लक्षणं दिसली तर त्याच दिवशी दवाखाना. हे तुम्ही करू शकता. बीडचा डॉक्टर तिथं बसून करू शकत नाही.

ओलान्झापिनची अडचण वेगळीच. ती झोप आणते, म्हणून रात्री घ्यायची. पण ट्रक भरायला रात्री कधी बोलावतील याचा नेम नाही आणि तोडीला तर पहाटे तीन-चारलाच उठायचं. गोळी घेतलेला माणूस उठत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकजण आडवा झाला की दुसऱ्याचंही काम अडतं, आणि खाडा पडला तर पैसे कापले जातात ते उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, हिशोबात. मग बायकोच म्हणते, आजच्या दिवस राहू द्या. तिला दोष देण्यात अर्थ नाही. चार-सहा दिवसांनी काही होत नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं, आता गरज उरली नाही. आजार परततो तो काही आठवड्यांनी, महिन्यांनी, आणि तोवर बंद केलेल्या गोळीची आठवण कुणाला राहत नाही. फिट्सवरच्या फेनोबार्बिटोनचं उलट आहे. ती एकदम थांबवली तर थोड्याच दिवसांत झटके येऊ शकतात, आणि ते थांबेनासे होऊ शकतात. रिकामं पाकीट फेनोबार्बिटोनचं असेल तर 'उद्या या' म्हणायची सोय नाही. ताबडतोब डॉक्टरकडं पाठवा.

वाचक विचारतील, पाच महिन्यांच्या गोळ्या एकदम बांधून का देत नाहीत? आत्महत्येचा विचार ज्याच्या मनात येऊन गेलाय त्याच्या कोपीत लिथियमचा एवढा साठा ठेवणं म्हणजे काय, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. म्हणून तर मी साठ्यापेक्षा ओळ मागतोय. काहींना डेपो इंजेक्शन चालतं. फ्लूफेनाझिन दोन ते चार आठवड्यांनी, हॅलोपेरिडॉल महिन्यानं. ही दोन्ही जुनी आणि स्वस्त आहेत. पण तेही कुणीतरी टोचायचं आहे आणि त्याचीही चिठ्ठी लागतेच.

चिठ्ठीच नसेल तर? ग्रामीण रुग्णालय. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चा, लागू झाला २९ मे २०१८ला. त्याचं १८वं कलम सांगतं, की अत्यावश्यक यादीतली मनोविकारावरची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत सदासर्वकाळ फुकट मिळाली पाहिजेत. रुग्ण त्याच जिल्ह्याचा असावा अशी अट त्यात नाही. तरी खिडकीवर "तुमच्या जिल्ह्यात जा" असं ऐकून परतलेली माणसं मला भेटली आहेत. एक दिवसाचा खाडा घालून गेलेला माणूस दुसरा खाडा घालत नाही. दुकानदार महाशय, तुमच्याकडून अशांसाठी एवढं व्हावं: बाईला नुसतं 'दवाखान्यात जा' न म्हणता औषधाचं नाव आणि ताकद एका कागदावर लिहून द्या, आणि पुढच्या वेळी पाकीट कापताना नावाची बाजू गिऱ्हाइकाकडं राहील असं बघा.

राहिला तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न, परजिल्ह्यातल्या डॉक्टरची चिठ्ठी चालते का. चालते. डॉक्टर नोंदणीकृत हवा, सही, तारीख, रुग्णाचं नाव-पत्ता आणि औषध एकूण किती द्यायचं, कोणत्या मात्रेत घ्यायचं हे हवं, बस्स. पत्ता गावाकडचा असला तरी हरकत नाही. नियम देशभर एकच, त्यामुळं बेळगावकडं उतरणाऱ्या टोळ्यांनाही तोच. फक्त तिथल्या दुकानात मराठी अक्षर वाचलं जाईलच असं नाही. औषधाचं जेनेरिक नाव, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत, असं मेडिकल कौन्सिलनं २०१६मध्ये डॉक्टरांना सांगून ठेवलंय. त्याच्याच खाली ती ओळही इंग्रजीत लिहिली तर चालेल.