कृषिदूत गावात आल्यावर त्यांच्याकडून काय करून घ्यावे?



खरिपाच्या दिवसांत अनेक गावांत कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी येऊन राहतात. मुलांना आपण कृषिदूत म्हणतो, मुलींना कृषिकन्या. ग्रामपंचायतीत स्वागत होते, वृक्षारोपण होते, शाळेच्या भिंतीवर रंगीत तक्ते लागतात, बॅनर धरून छायाचित्र निघते. मुले परत गेल्यावर गावाला काय मिळाले असे विचारले, तर सांगता येण्यासारखे फारसे नसते. दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही. त्यांच्याकडून काय मागावयाचे, हेच गावाला कोणी सांगितलेले नसते.

ग्रामीण कृषी कार्यानुभव हा कृषी पदवीच्या अखेरच्या वर्षातील अभ्यासक्रमाचा भाग आहे. 2015 साली सुरू झालेल्या 'स्टुडंट रेडी' कार्यक्रमातही त्याचा समावेश आहे. या काळातील कामाला गुण असतात. विद्यार्थ्याने यात दोन गोष्टी शिकाव्यात अशी अपेक्षा असते. एक, शास्त्रीय माहिती शेतकऱ्याला समजेल आणि वापरता येईल अशी सांगणे. दोन, माल शेतातून बाजारात जाऊन त्याचे पैसे कसे होतात हे प्रत्यक्ष पाहणे. दोन्ही गोष्टी आपल्या शेतावर, आपल्या मालावर करून घेतल्या, तर त्याचा अभ्यास होतो आणि आपला फायदा. त्यामुळे भाषणापेक्षा काम मागावे.

प्रात्यक्षिक आपल्या बियाण्यावर

2020 च्या खरिपात मराठवाडा व विदर्भात सोयाबीन उगवले नाही अशा हजारो तक्रारी आल्या. दुबार पेरणीचा खर्च काय असतो, हे आपणांस सांगावयास नको. घरचे असो वा विकतचे, बियाणे पेरण्यापूर्वी उगवणशक्ती तपासण्यास एक गोणपाट आणि एक आठवडा पुरतो. कृषिदूत ही तपासणी दाखवितात. पण पुष्कळदा स्वतः आणलेल्या मूठभर बियाण्यावर. तसे न करता आपल्या घरातील पोते पुढे करावे.

पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून बी काढून एकत्र मिसळावे. त्यातून निवड न करता सरसकट शंभर दाणे मोजावेत. (चांगले दाणे वेचण्याचा मोह होतो, मग तपासणी आपणच आपल्याला फसविण्यासाठी होते.) ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडाव्यात, वर दुसरे ओले गोणपाट घालून हलकी गुंडाळी करावी आणि सावलीत ठेवावी. गोणपाट वाळू देऊ नये, त्यात पाणीही साचू देऊ नये. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उघडून फक्त निरोगी, पूर्ण वाढलेले कोंब मोजावेत. नुसते टोक फुटलेले, वाकडे किंवा कुजलेले धरू नयेत. अशा तीन गुंडाळ्या करून सरासरी काढल्यास अधिक बरे.

सोयाबीनचे शंभरापैकी 70 किंवा अधिक कोंब निघाले तर एकरी 30 किलो बियाणे वापरावे. त्याखाली प्रत्येक टक्क्यास अर्धा किलो वाढवावे. म्हणजे 65 निघाले तर साडेबत्तीस किलो. 60 पेक्षा कमी असल्यास ते बियाणे पेरू नये. विद्यार्थी पेरणी उरकल्यावर आले असतील तर हीच तपासणी रब्बीच्या हरभऱ्यावर करून घ्यावी. तेथे 85 टक्के उगवण अपेक्षित असते.

मोजणी आपण करावी, विद्यार्थ्याने पाहावी. बीजप्रक्रियेचेही तसेच. आधी बुरशीनाशक, नंतर कीटकनाशक, शेवटी जिवाणू संवर्धन, हा क्रम तो सांगेल. आपण तो करून दाखवावा आणि कारण विचारावे. रासायनिक औषध आधी लावून सुकू द्यावयाचे आणि जिवाणू पेरणीच्या तोंडावर लावावयाचे, म्हणजे ते जिवंत राहतात. हे त्याला सोप्या शब्दांत सांगता आले, तर तो विषय त्याला समजला आहे असे समजावे. तक्ता पाठ असणे वेगळे. सोयाबीनची साल नाजूक असते, म्हणून बी जोराने चोळू नये, हे मात्र त्याला आपणच सांगावे लागेल.

फवारणीच्या दिवसांत औषधाच्या डब्यावरील माहितीपत्रक त्याला मोठ्याने वाचावयास लावावे, विशेषतः लाल त्रिकोण असेल तेव्हा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. बारीक अक्षरातील मजकूर आपल्याकडे कोणी वाचत नाही. ज्याचे डोळे चांगले आहेत त्याने वाचावा, आणि फवारणाऱ्या मजुराला ऐकू जाईल असा वाचावा.

बाजारात बरोबर न्यावे

कार्यक्रम सोयाबीन काढणीपर्यंत चालला तर विद्यार्थ्याला एक दिवस बाजार समितीत बरोबर न्यावे. विपणनाच्या पुस्तकात जे नसते ते तेथे दिसते. त्याच्याकडून एक हिशेब जरूर करून घ्यावा, तो म्हणजे ओलाव्याचा.

समजा, मालात 16 टक्के ओलावा आहे आणि खरेदीचे प्रमाण 12 टक्क्यांचे आहे. एका क्विंटलमध्ये 84 किलो कोरडा माल व 16 किलो पाणी. तोच माल 12 टक्क्यांपर्यंत वाळविला तर 84 ला 0.88 ने भागावे. वजन भरते साधारण साडेपंच्याण्णव किलो. म्हणजे क्विंटलमागे घट साडेचार किलोची. ओलाव्यापोटी एवढी कपात झाली तर ती पाण्याची आहे. सहा किलो कापले तर दीड किलो आपला माल गेला; वीस क्विंटलमागे 30 किलो. काही ठिकाणी वजनही कापतात आणि ओला म्हणून भावही उतरवितात. तेथे एकाच पाण्याचे पैसे दोनदा जातात. कपात वजनात की भावात, हे लिलावाच्या वेळीच विचारून घ्यावे.

ओलावामापकाचा आकडा विद्यार्थ्याला वहीत टिपावयास सांगावा. घरी आल्यावर हिशेबपट्टी त्याच्यापुढे ठेवून हमाली, तोलाई व इतर कपात ओळीने वाचून घ्यावी. ज्या ओळीचा अर्थ त्याला लागत नाही, तिच्यापुढे खूण करून ती पट्टी घेऊन दोघांनी बाजार समितीच्या कार्यालयात जावे.

विद्यार्थ्यांबरोबर त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापकही अधूनमधून गावात येतात. त्या दिवशी केवळ चहापाणी न करता, गोणपाटावरील मोजणी आणि ओलाव्याचे आकडे लिहिलेली वही त्यांना दाखवावी. गुण देताना ती आम्हांस उपयोगी पडते.