शंका शाबूत आहे का?

मानसशास्त्रीय थरारपट पाहणाऱ्यांना एक खूण पक्की ठाऊक झालेली असते. गोष्ट सांगणारा माणूस मध्येच थबकतो, आपण पाहिलं ते खरंच घडलं का असं स्वतःला विचारू लागतो, की समजावं याच्या डोक्यात काहीतरी बिघडलंय आणि आतापर्यंत त्यानं सांगितलेल्या कशावरही विसंबण्यात अर्थ नाही. मार्टिन स्कॉर्सेसीचा ‘शटर आयलंड’ (२०१०) याच खुणेवर उभा आहे. बेटावरच्या मनोरुग्णालयात तपासासाठी आलेल्या अधिकाऱ्याची शंका जसजशी वाढते, तसतसा आपला त्याच्यावरचा भरवसा उडत जातो. त्याच्या नव्वद वर्षं आधीच्या ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी’ या जर्मन मूकपटातही शेवटी निवेदक फ्रान्सिसच रुग्ण निघतो. पण तो आपल्या गोष्टीबद्दल डळमळत नाही. गेल्या शतकभरात मेंदूविषयी जे हाती लागलं ते पाहता, या दोघांत मूकपटच सत्याच्या जवळ आहे असं म्हणावं लागतं. वास्तवाशी धागा तुटलेला मेंदू सहसा शंका घेत नाही, तो ठाम असतो. शंका घेणं हे मेंदूचं एक कामच आहे. ते बंद पडलं की माणूस कितीही अशक्य गोष्ट खरी धरून निवांत चालू शकतो.

१९२३ मध्ये जोझेफ कापग्रा आणि जाँ रेबुल-लाशो या फ्रेंच डॉक्टरांनी एका स्त्रीची हकिकत प्रसिद्ध केली. आपला नवरा आणि मुलगी खरे नव्हेत, हुबेहूब त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या तोतयांनी त्यांची जागा घेतली आहे, असं तिचं म्हणणं होतं. असे रुग्ण पुढे अनेक देशांत आढळले. चेहरा त्यांना नीट दिसतो, नाक-डोळे, गालावरचा तीळ, सगळं जुळतं हेही ते मान्य करतात, आणि तरीही ही माझी आई नव्हे असं शपथेवर सांगतात. बराच काळ याचं कारण मनात दडपलेल्या राग-लोभात शोधलं गेलं. १९९० मध्ये हेडन एलिस आणि अँड्र्यू यंग यांनी निराळा विचार मांडला. ओळखीचा चेहरा दिसला की मेंदूत दोन गोष्टी घडतात. हा कोण ते कळतं, आणि शिवाय ‘आपलं माणूस’ अशी जाणीव अंगात उमटते. ही दुसरी गोष्ट मोजता येते, कारण तिच्यामुळे तळहाताला अगदी किंचित घाम येतो आणि त्वचेची विद्युतवाहकता बदलते. कापग्राच्या रुग्णांत पहिला मार्ग शाबूत राहून दुसरा तुटला असावा, असा त्यांचा तर्क होता. १९९७ मध्ये अशा पाच रुग्णांची चाचणी झाली, तेव्हा ओळखीच्या चेहऱ्यांना त्यांच्या त्वचेनं अनोळखी चेहऱ्यांपेक्षा जास्त प्रतिसाद दिला नाही. त्याच वर्षी व्ही. एस. रामचंद्रन आणि विल्यम हर्स्टीन यांनी वर्णन केलेला एक तरुण वडिलांना समोर पाहून तोतया म्हणे, पण फोनवर त्यांचाच आवाज ऐकला की विनातक्रार ओळखत असे. चेहऱ्याचा मार्ग तुटला होता, आवाजाचा नव्हता.

माझ्या मते या कहाणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग इथून पुढे सुरू होतो. आईला पाहून आत काहीच हललं नाही, तर ‘मला हल्ली काही वाटेनासं झालंय’ असाही निष्कर्ष काढता येतो. तो जास्त साधा, जास्त शक्यतेतला आहे. मग रुग्ण तोतयापर्यंत का पोचतो? डॅनियल ट्रॅनेल आणि अँटोनियो व हॅना दामासिओ यांनी १९९५ मध्ये मेंदूच्या पुढच्या भागात, ललाटखंडाच्या तळाशी आणि मध्याकडे, इजा झालेली माणसं तपासली. त्यांच्याही त्वचेनं ओळखीच्या चेहऱ्यांना वेगळा प्रतिसाद दिला नाही. पण त्यांतल्या कुणीही घरच्यांना तोतये ठरवलं नाही. म्हणजे तुटलेली आपुलकी एकटी भ्रम घडवायला पुरत नाही. ऑस्ट्रेलियातले मॅक्स कोल्टहार्ट आणि त्यांचे सहकारी म्हणूनच दोन बिघाडांची कल्पना मांडतात. पहिल्या बिघाडातून विचित्र अनुभव येतो आणि त्याचं एक स्पष्टीकरण मनात उमटतं. दुसऱ्या बिघाडामुळे त्या स्पष्टीकरणाची उलटतपासणीच होत नाही. हा दुसरा बिघाड बहुतेकदा उजव्या ललाटखंडाच्या बाजूच्या भागाशी जोडलेला दिसतो. तोतयाची कल्पना क्षणभर कुणाच्याही मनात येऊन जाऊ शकेल. ती मनातून घालवून देणारी यंत्रणा निकामी होणं, हा खरा आजार.

हे सगळं मेंदूला इजा झालेल्या माणसांचं झालं, धडधाकट माणसाला याचं काय, असा आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर धडधाकट माणसांवरच्या प्रयोगांत मिळतं, आणि ते फारसं सुखावणारं नाही. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात पेट्टर योहान्सन, लार्स हॉल आणि सहकाऱ्यांनी १२० जणांना स्त्रियांच्या छायाचित्रांच्या जोड्या दाखवल्या आणि प्रत्येक जोडीतला अधिक आकर्षक चेहरा निवडायला सांगितलं. काही वेळा निवडलेलं छायाचित्र हातचलाखीनं बदलून भलतंच त्यांच्या हाती दिलं आणि निवडीचं कारण विचारलं. २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या या निष्कर्षांनुसार, सढळ हातानं मोजलं तरी जेमतेम चौथा हिस्सा अदलाबदली लोकांच्या लक्षात आल्या. उरलेल्या वेळी माणसं आपण न निवडलेल्या चेहऱ्याची तरफदारी करत राहिली. एकानं कानातल्या डुलांचं कारण दिलं, आणि त्यानं मुळात निवडलेल्या स्त्रीच्या कानांत डूल नव्हतेच. यात कुणी खोटं बोलत नव्हतं. याच प्रकारची घटना मायकेल गॅझानिगा यांना १९७० च्या दशकात दिसली होती. फेफऱ्यावरच्या उपचारासाठी मेंदूच्या दोन गोलार्धांमधला दुवा कापलेल्या एका रुग्णाच्या उजव्या गोलार्धाला बर्फाचं दृश्य दाखवलं, डाव्याला कोंबडीचा पंजा. उजव्या गोलार्धाच्या ताब्यातल्या डाव्या हातानं फावड्याचं चित्र निवडलं, ते बर्फ उपसायला. पण बोलणाऱ्या डाव्या गोलार्धाला बर्फाचा पत्ताच नव्हता. कारण विचारल्यावर त्यानं जराही न अडखळता सांगितलं, कोंबड्यांची खुराडी साफ करायला फावडं लागतं. ‘माहीत नाही’ हे उत्तर त्याला उपलब्ध होतं. ते त्यानं दिलं नाही.

आठवणींचीही हीच गत आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं ‘चॅलेंजर’ अवकाशयान उड्डाणानंतर फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एमरी विद्यापीठात उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कुठं, कुणाकडून कळली. अडीचेक वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न विचारले. अचूकतेसाठी ७ पैकी गुण होते आणि सरासरी ३ च्याही खाली राहिली. ११ जणांना शून्य मिळालं. स्वतःच्या आठवणीवरचा त्यांचा विश्वास मात्र ५ पैकी ४ च्या वर होता. त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातले जुने कागद दाखवले तेव्हा ते चकित झाले, पण मूळ आठवण कुणालाच परत सापडली नाही. कागद समोर असूनही जी आठवण जागची हलत नाही, तिच्याविषयी थरारपटांनी आपल्याला फारसं सांगितलेलं नाही.

मग खरं आणि मनातलं यांच्यात मेंदू फरक करतो तरी कसा? १९१० मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मेरी चीव्हज वेस्ट पर्की यांनी माणसांना काचेच्या पडद्याकडे पाहत टोमॅटो, केळं, पान अशा वस्तू डोळ्यांसमोर आणायला सांगितल्या आणि त्यांच्या नकळत मागून त्याच वस्तूंची अंधुक चित्रं पडद्यावर टाकली. पाहणाऱ्यांना ती स्वतःचीच कल्पना वाटली. आपण केळं आडवं कल्पायला गेलो आणि ते उभं कसं दिसलं, याचं काहींना नवल वाटलं, इतकंच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या नादिन डाइक्स्ट्रा आणि स्टीफन फ्लेमिंग यांनी २०२३ मध्ये सहाशेहून अधिक लोकांवर आधुनिक पद्धतीनं असाच प्रयोग केला. त्यांचा निष्कर्ष असा की बाहेरून आलेली प्रतिमा आणि आतून उमटलेली प्रतिमा मेंदूत एकमेकींत मिसळतात, आणि एकूण ठसा एका ठरावीक उंबरठ्यापेक्षा ठळक झाला की ते खरं मानलं जातं. म्हणजे कल्पना पुरेशी ठळक असेल, तर ती वास्तव म्हणून खपू शकते. केंब्रिज विद्यापीठातल्या जॉन सायमन्स यांच्या गटाला मेंदूच्या पुढच्या भागातली एक घडी या कामाशी निगडित आढळली. २०१५ च्या त्यांच्या अभ्यासात, स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्ये ही घडी १ सेंटिमीटरनं आखूड असली की भास होण्याची शक्यता सुमारे २० टक्क्यांनी वाढलेली दिसली. खरं-खोटं पारखणं हे असं देहाचं, मांस-रक्ताचं काम आहे. कुणाच्या इच्छाशक्तीची किंवा शहाणपणाची ती परीक्षा नव्हे. मनोरुग्णाला ‘जरा विचार कर’ असं सांगणाऱ्या घराघरांत हे पोचायला हवं.

डॉक्टर इथे म्हणतील की रुग्णांनाही शंका येते, विशेषतः सुरुवातीला. ते खरं आहे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्लाउस कोनराड यांनी १९५८ मध्ये या सुरुवातीच्या काळाचं बारकाईनं वर्णन केलं. जग काहीतरी बदललंय, काहीतरी घडणार आहे, असा असह्य ताण रुग्णाला जाणवत राहतो. मग एकाएकी सगळ्याचा अर्थ ‘उलगडतो’ आणि भ्रम आकार घेतो. शंका आजाराच्या दारापर्यंत सोबत असते, आत शिरताना ती बाहेर राहते. जग काचेपलीकडचं, खोटं वाटण्याचा एक वेगळा विकारही आहे, पण त्याचे रुग्ण ‘जणू खोटं आहे’ असं म्हणतात. वास्तवाचं भान शाबूत असणं ही त्या निदानाची अटच आहे. आणखी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. भ्रमाची खात्रीही नेहमी एकसंध नसते. स्किझोफ्रेनिया हे नाव देणारे ऑयगेन ब्लॉइलर यांनी नोंदवलं होतं की स्वतःला सम्राट मानणारा रुग्ण रुग्णालयातली साधी कामं मुकाट्यानं करतो. या फटीतूनच उपचार आत जाऊ शकतात, आणि तिथे औषधांच्या जोडीला बाहेरचा, विश्वासातला माणूस लागतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटात स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषइतकीच त्याची बहीण महत्त्वाची आहे, ते यासाठीच.

याहून अवघड आक्षेप उलट दिशेनं येतो. शंका इतकी गुणाची असेल, तर मंत्रचळाचं काय? गॅस बंद केला का, कडी लावली का, हे पुन्हापुन्हा पाहणाऱ्या माणसाची शंका त्याला सत्याजवळ नेत नाही. नेदरलँड्समधल्या मार्सेल व्हान डेन हाउट आणि मेरेल किंट यांनी २००३ मध्ये संगणकावरचा गॅस लोकांना वारंवार तपासायला लावला. त्यांची आठवण अचूकच राहिली, पण ती अंधुक झाली आणि तिच्यावरचा विश्वास घसरला. तपासण्यानंच शंका वाढली. शिवाय शंका बाहेरूनही पेरता येते. पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ च्या ‘गॅस लाइट’ नाटकातला नवरा बायकोला तिच्याच डोळ्यांवर अविश्वास दाखवायला शिकवतो, आणि तिला जे दिसत असतं ते खरं असतं. तेव्हा शंका आली म्हणजे माणूस बरोबर, असं माझं म्हणणं नाही. म्हणणं इतकंच की निवेदकाच्या सुरातला ठामपणा किंवा चाचरणं हा त्याच्या विश्वासार्हतेचा पुरावा मानू नये. पुरावा बाहेर असतो, दुसऱ्या दिवशी लिहून घेतलेल्या कागदासारखा.

न्यायालयात या प्रश्नाला माणसाच्या आयुष्याची किंमत असते. अमेरिकेत डीएनए चाचणीमुळे निर्दोष ठरलेल्या पहिल्या २५० जणांचे खटले कायद्याचे अभ्यासक ब्रँडन गॅरेट यांनी तपासले. १९० खटल्यांत प्रत्यक्षदर्शींनी चुकीच्या माणसाला ओळखलं होतं. साक्षीच्या पिंजऱ्यात हे साक्षीदार ठाम होते. पण उपलब्ध १६१ खटल्यांच्या नोंदी वाचताना गॅरेट यांना दिसलं की त्यांपैकी ५७ टक्के खटल्यांत साक्षीदार सुरुवातीला साशंक असल्याचं खुद्द साक्षीतूनच बाहेर आलं होतं. मेंदूनं पहिल्यांदा दिलेला इशारा बरोबर होता. पुढे पोलिसांची मान डोलली, तोच चेहरा पुन्हापुन्हा समोर आला, आणि शंका पुसली गेली. जॉन विक्स्टेड आणि गॅरी वेल्स यांनी २०१७ मध्ये याचीच दुसरी बाजू दाखवली. पहिली ओळख योग्य रीतीनं, सूचक शब्द न वापरता घेतली असेल, तर त्या क्षणीचा साक्षीदाराचा आत्मविश्वास बराच भरवशाचा ठरतो. म्हणून २०२० मध्ये या विषयातल्या अमेरिकी तज्ज्ञांनी शिफारस केली की ओळख पटवताना साक्षीदाराला किती खात्री आहे, हे तिथल्या तिथे त्याच्याच शब्दांत नोंदवावं आणि सगळ्या प्रक्रियेचं चित्रीकरण करावं.

आपल्याकडे कायद्याचा भर उलट टोकावर आहे. तपासादरम्यान दंडाधिकाऱ्यांसमोर होणारी ओळखपरेड ही केवळ दुजोरा देणारी बाब मानली जाते, मूळ पुरावा ठरते ती न्यायालयात आरोपीकडे बोट दाखवून केलेली ओळख. अनोळखी आरोपीला थेट न्यायालयातच पहिल्यांदा ओळखलं, तर न्यायाधीश ती साक्ष सहसा कच्ची धरतात, हे खरं. पण परेड आणि साक्ष यांमध्ये आपल्याकडे अनेकदा वर्षं जातात, आणि तोवर साक्षीदाराच्या मेंदूनं गोष्ट पूर्ण करून टाकलेली असते. परेडच्या अहवालात साक्षीदारानं अमुक आरोपीला ओळखलं एवढं एक वाक्य पुरेसं नाही. तो किती वेळ रेंगाळला, ‘हाच’ म्हणाला की ‘बहुधा हाच’, आधी दुसऱ्या कुणासमोर थांबला का, हे त्याच्या तोंडच्या शब्दांत तिथेच उतरवून घ्यायला कॅमेरा असलेला एक फोनही पुरतो. मग त्या नोंदीची प्रत बचाव पक्षाच्या वकिलाला मिळाली पाहिजे.